आधी ब्लॉक उतरवा, मग काय ते ठरवा

प्रश्न : वाचक इचलकरंजीचे, वय ४६, पतसंस्थेत नोकरीला. त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, १९८९ साली घेतलेली यामाहा आरएक्स १०० घरात आहे. अण्णा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे, होते, चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून गाडी हे वापरतात, रोज जयसिंगपूरला कामावर जाण्यासाठीसुद्धा. गेल्या महिन्यात हातकणंगल्याच्या रस्त्यावर जोरात जाताना मागचं चाक एकदम धरलं. वेळेत क्लच दाबला म्हणून पडले नाहीत. थोड्या वेळाने किक खाली गेली, गाडी चालूही झाली, पण दम नाही आणि आतून खरखर. नेहमीच्या मिस्त्रीने आवाज ऐकून सांगितलं, "फुल इंजिन, बावीस हजार." दुसरा म्हणतो, "यात पैसे घालू नका. तीस हजारांत सेकंडहँड इंजिन टाकून देतो, पाहिजे तर १३५ चं." पुण्यातला धाकटा भाऊ म्हणतो विकून टाक, आहे तशी साठ हजारांना घ्यायला माणूस तयार आहे. पत्नीचं म्हणणं, मुलीच्या अकरावीच्या वर्षात हा खर्च नको. आरसी अजून अण्णांच्याच नावावर आहे आणि पासिंग (नोंदणीची मुदत) २०२४ मध्ये संपलं आहे. वाचक विचारतात : "दुसरं इंजिन टाकलं तर ती अण्णांची गाडी राहील का? आणि तेच इंजिन करून घ्यायचं तर एवढे पैसे घालणं शहाणपणाचं आहे का?"

नमस्कार.

तुमच्याकडे तीन आकडे आहेत : बावीस, तीस आणि साठ हजार. पण इंजिन अजून कोणी उघडलेलंच नाही. खरखर ऐकून "फुल इंजिन" सांगणारा मिस्त्री खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाचा कान बहुतेक वेळा बरोबर निघतो. पण बहुतेक वेळा म्हणजे तुमच्या गाडीच्या वेळी असं नाही. "इंजिन गेलं" हे निदान नव्हे, ती तक्रार झाली. आत काय गेलं हे कळल्याशिवाय करायचं, बदलायचं की विकायचं या तिन्हींतलं काहीच ठरवता येत नाही. म्हणून पहिलं काम एवढंच : हेड (सिलिंडरचं झाकण) आणि ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) उतरवून घ्या. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीत त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागत नाही. कार्बोरेटर आणि सायलेन्सर सोडवला, हेडचे नट काढले की ब्लॉक वर उचलून येतो. त्याची मजुरी वेगळी ठरवा, ती देऊन टाका आणि उघडताना समोर उभे राहा.

पिस्टन हातात आला की त्याच्याकडे नीट बघा. त्याच्या अंगावर सगळी हकीकत लिहिलेली असते. परिघावर चार ठिकाणी उभे ओरखडे असतील तर पिस्टन तापून फुगला आणि बोअरमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या पोकळीत, अडकला. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर गाडी लीन चालत होती, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होतं. कार्बोरेटरच्या बाजूला घासलेलं दिसलं तर धूळ आत गेली किंवा ऑइल कमी पडलं. वरचा भाग वितळल्यासारखा किंवा भोक पडलेलं असेल तर टायमिंगची, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेची, शंका घ्यायची. मग पिस्टन ज्यावर बसतो तो कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली ओढून बघायला सांगा. डावी-उजवीकडे तो थोडा हलतो, तेवढा खेळ लागतोच. पण वर-खाली 'टक' असं हाताला लागलं तर क्रँकचं, म्हणजे खालच्या फिरणाऱ्या दांड्याचं, काम आलं, आणि मग मिस्त्रीचं "फुल इंजिन" खरं ठरलं. तसं काही लागलं नाही आणि क्रँकची बेअरिंगं फिरवताना गुळगुळीत वाटली तर काम हाफ इंजिनात, म्हणजे वरच्या ब्लॉक-पिस्टनपुरतं, आटोपतं. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून, म्हणजे क्लच दाबल्यावर चाक सुटलं, थंड झाल्यावर किक गेली, गाडी चालूही झाली, यावरून मला हाफ इंजिनाचीच शक्यता जास्त वाटते. पण माझाही हा अंदाजच, तोही लांबून.

आणखी एक बघा. पिस्टनच्या डोक्यावर एखादा आकडा ठोकलेला आहे का? २५, ५० असा. मूळ मापाचा बोअर ५० मिलिमीटरचा. तो झिजला की पाव मिलिमीटरने मोठा करतात आणि त्या मापाचा पिस्टन घालतात. मग अर्धा, पाऊण, एक, असं. डोक्यावर ५० दिसलं, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त, तर तुमच्या अण्णांनीच ही गाडी कधीतरी बोअर करून घेतलेली आहे, तुम्हाला पत्ता नसेल एवढंच. पस्तीस वर्षं पळालेल्या टू-स्ट्रोकमध्ये कंपनीतून आलेला पिस्टन अजून तसाच असेल हे मला तरी अवघड वाटतं. मागावर जॉबर असलेला माणूस! शटल, पिकर, पट्टा, जे झिजेल ते बदलायचं आणि माग चालू ठेवायचा, हीच त्यांची रोजची भाकरी होती. पार्ट बदलल्याने यंत्र परकं होतं असं त्यांना वाटत असेल का? तुमच्या प्रश्नातली हुरहूर मला कळते. पण "तेच इंजिन की दुसरं" या प्रश्नावर अण्णांच्या आठवणीचं जेवढं ओझं तुम्ही ठेवलंय, तेवढं त्याला पेलणारं नाही.

तरीही दुसरं इंजिन टाकू नका असंच मी सांगेन. त्याचं कारण मात्र भावनेचं नाही.

आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. कंपनीकडून नवं अख्खं इंजिन मिळण्याचा प्रश्न नाही. म्हणजे जुन्या बाजारातून जे येईल ते वयाने तुमच्या इंजिनाच्या बरोबरीचंच, आणि त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक नसलेला. ते कोणी किती पळवलं, पाण्यात बुडलं होतं का, क्रँककेस (क्रँक ज्यात बसतो ती इंजिनाची खालची पेटी) जोडून घेतलेला आहे का, काही सांगता येत नाही. तीस हजारांत ते बसवलं तरी शहाणा मिस्त्री ते उघडून सील, बेअरिंग, रिंगा बदलल्याशिवाय देणार नाही, आणि जो तसंच देईल त्याच्याकडून घेऊ नये. थोडक्यात, बावीसच्या जागी तीस नव्हे; तीस अधिक परत एक इंजिनकाम.

दुसरं कारण कागदाचं. इंजिन नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो आणि आरसीत लिहिलेला असतो. ब्लॉक, पिस्टन, क्रँक, गिअर हे सगळं बदललं तरी नंबर तोच राहतो. क्रँककेस बदलला की नंबर बदलला. त्यासाठी आरटीओची आधी परवानगी लागते, इंजिन कुठून घेतलं याचा पुरावा लागतो, आणि जुन्या बाजारातला विक्रेता पावती देईल याची खात्री नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. १३५ चं इंजिन म्हणजे तर सीसीच बदलली. ते सुचवणारे मिस्त्री पुष्कळ भेटतात, कारण गाडी पळते छान. पण पासिंगला उभी केल्यावर तुमच्या बाजूने उभं राहायला तो मिस्त्री येणार नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण दिल्यासारखं होईल. "जुना नंबर घासून तुमचा पंच करून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथे चहासुद्धा न पिता निघा. तो सरळ गुन्हा आहे, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर चोरीचा माल बाळगल्याचं लचांड मागे लागतं ते वेगळंच.

क्रँककेसलाच मोठी भेग असेल, बेअरिंगची बैठक फुटली असेल, तर मात्र बदलण्याशिवाय इलाज नसतो. तेव्हा नुसता केस घ्या, रीतसर अर्ज करा आणि आधी परवानगी, मग फिटिंग, या क्रमानेच जा. लहान भेग असेल तर ॲल्युमिनियम वेल्डिंग करणारे चांगले कारागीर आहेत. तुमच्यापासून कोल्हापूर किती लांब? शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्यांना असलं काम नवं नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, जाता जाता लिहून टाकलंत, त्याकडे येतो. आरसी अण्णांच्या नावावर आणि पासिंग संपलेलं. पत्रातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. अशा गाडीवर रोज जयसिंगपूर गाठत होतात आणि एकाही मामाने अडवलं नाही हे नशीब समजा. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करायची, असा नियम आहे. तुम्ही उशीर केलाय, तरी काम होतं. उशिराचे पैसे पडतील. त्यात इतर वारसांची संमती लागते, म्हणजे आई असतील तर त्या आणि तुमचा भाऊ. विमाही दरवर्षी अण्णांच्या नावाने भरत असाल तर तोही बदलावा लागेल. नूतनीकरणाचा फॉर्म २५. त्याबरोबर पर्यावरण कर, पीयूसी आणि नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. वीस वर्षांपुढच्या गाड्यांची नूतनीकरण फी २०२५ मध्ये वाढलेली आहे, हेही हिशेबात धरा. निरीक्षक गाडी चालू स्थितीत बघतो आणि चासी नंबर, इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो. म्हणजे इंजिन तर करायलाच हवं, आणि तेच हवं.

विकायचं म्हटलं तरी यातून सुटका नाही. जी गाडी कागदावर तुमची नाही ती तुम्ही विकणार कशी? "पेपर मी बघतो" म्हणून साठ हजार रोख देणारा माणूस गाडी घेऊन जाईल, आणि पुढे त्याने कोणाला उडवलं तर नोंदणीत ज्याचं नाव त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या वारसांकडे बोट दाखवलं जाईल. शिवाय बंद गाडीला कोणी एवढे पैसे देतोय, याचा अर्थ चालू आणि कागद स्वच्छ असलेल्या गाडीला तो याहून बरंच जास्त घेणार आहे. या गाडीच्या भावाचं सध्या जे वेड चाललंय ते मला फारसं पटत नाही. शंभर सीसीच्या गाडीला लाखाच्या गप्पा! पण भाव आहे हे खरं. तेव्हा विकायचीच असेल तर कागद करून विका. भावाला फोन करायचाच आहे, तर संमतीच्या सहीसाठी करा आणि त्याच फोनवर हा विषय मोकळेपणी बोला. गाडीत त्याचाही वाटा आहे. "विकून टाक" हे त्याने व्यवहार म्हणून म्हटलंय की त्याला त्यातले पैसे हवे आहेत, हे तुम्ही पत्रात सांगितलेलं नाही. कदाचित विचारलंच नसेल.

वहिनींच्या म्हणण्याबद्दल. तुम्ही लिहिता, "तिला गाडीचं काही वाटत नाही." मला पत्रातून तसं दिसलं नाही. बावीस हजारांचा आकडा इंजिन न उघडता आलेला, त्यात पुढे काय काय वाढेल ते माहीत नाही, आणि मुलीची फी मात्र ठरलेल्या तारखेला. कुठलीही घर चालवणारी बाई याला नकोच म्हणेल. त्यांना गाडी नको आहे की तळ न दिसणारा खर्च नको आहे, हे एकदा विचारा. आणि विचारताना हातात पायऱ्या असू द्या : उघडून बघायला एवढे; हाफ इंजिन निघालं तर एवढे; फुल निघालं तर पैसे जमेपर्यंत ब्लॉक तेल लावून, पोत्यात गुंडाळून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी बघायचं. वरची मर्यादा दोघांनी मिळून ठरवा. इंजिन थांबू शकतं, अकरावी थांबत नाही.

त्यासाठी एक गोष्ट मोकळी करावी लागेल. रोजच्या येण्याजाण्याचा प्रश्न आणि अण्णांच्या गाडीचा प्रश्न एकाच बिलात घालू नका. रोज कामावर जायला आहे म्हणून ती लवकर झाली पाहिजे, आणि लवकर पाहिजे म्हणून मिळेल ते इंजिन टाकायचं, असा तुमचा विचार घसरत चाललाय. एसटी, सहकाऱ्याच्या मागे, एखादी जुनी स्कूटी, काहीही बघा. दुरुस्त झाल्यावरही या गाडीला रोजची हमाली लावू नये असं माझं मत आहे. रविवारी काढा, नृसिंहवाडीला जाऊन या.

ब्लॉक बोअरला द्यायची वेळ आली तर पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकबरोबर लेथवाल्याच्या हातात द्या. पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर करायचा असतो; फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते, आणि "पन्नासचा बोअर मारून ठेवतो, पिस्टन नंतर आणा" म्हणणारा ती सांभाळू शकत नाही. पिस्टन चांगल्या कंपनीचा घ्या, डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या हाताने मारून घेतल्या का, हे विचारायला विसरू नका. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीतच खिडक्या असतात. कड धारदार राहिली तर रिंग तिच्यात अडकते आणि नवा पिस्टन आठवड्यात खलास होतो. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनेच्या सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या कड्या) नव्याच. बदललेले सगळे पार्ट पिशवीत घालून परत मागा. चांगला मिस्त्री त्याला राग मानत नाही. आणि बोअर एक मिलिमीटरपर्यंत आधीच गेलेला असेल तर घाबरू नका, नवी स्लीव्ह (आतली नळी) ठोकून ब्लॉक परत मूळ मापावर आणता येतो. पोर्ट नीट जुळवणारा माणूस मात्र हवा.

सगळ्यात मोठी चूक पुढेच होते : पिस्टन नवा घालतात आणि जुना का जाम झाला ते बघत नाहीत. मग दोन महिन्यांनी तोही जातो, आणि नाव "आरएक्स आता चालत नाहीत" असं पडतं. तुमच्या पत्रातच तीन संशयित आहेत. पेट्रोलबरोबर ऑइल आपोआप पुरवणारा ऑइल पंप काढून टाकलाय आणि टाकीत ऑइल "अंदाजाने" घालता. आवाजासाठी सायलेन्सरमधली जाळी काढलीत, पण कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तोच ठेवलात. आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत त्याने मिश्रण आणखी लीन होतं, शिवाय जुने रबरी पाइप आणि सील खराब होतात. हे तिन्ही एका दिशेला ओढतात, आणि त्यात पूर्ण ॲक्सिलरेटर. चौथा संशयित मिस्त्रीला तपासायला सांगा : क्रँकच्या डाव्या बाजूचं, मॅग्नेटकडचं ऑइल सील. ते गेलं की तिथून हवा ओढली जाते आणि गाडी लीन होते. उजवीकडचं, क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल कमी होत जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. जमल्यास पंप परत बसवून घ्या. नाही जमलं तर मापाची बाटली बाळगा. आणि ती जाळीही परत बसवा. पोलिसांनी असले सायलेन्सर रोलरखाली घातल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील.

हेच कोडं दुसऱ्या गाड्यांबाबत पडलेल्यांसाठी थोडं. स्प्लेंडर, सीडी १०० अशा फोर-स्ट्रोक गाड्यांचे ब्लॉक-पिस्टन किट सहज मिळतात, त्यात बोअर करत बसण्यापेक्षा किट घालणं बरेचदा सोपं पडतं. तिथे भावना नसेल तर इंजिनकामाचा खर्च आणि तशाच चालू गाडीची किंमत समोरासमोर ठेवून बघावी. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं उलट आहे. ते इंजिन खोलून करण्यासाठीच बनवल्यासारखं आहे, पण ते करणारा हात हवा, आणि तो गावोगावी उरलेला नाही. नियम मात्र सगळ्यांना एकच : क्रँककेस शाबूत असेल तर इंजिन बदलू नका.

काम झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर गाडी दामटू नका. ऑइल लिटरमागे नेहमीपेक्षा थोडं जास्त, वेग सतत एकच ठेवायचा नाही, चढाला खालचा गिअर, लांब पल्ला नाही, पाठीमागे कोणाला बसवायचं नाही. थोडं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, परत चालवा. मधून मधून प्लग काढून बघा. तपकिरी असला तर ठीक. काळा आणि ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त होतंय, ते सावकाश बघता येईल. पण पांढरट दिसला तर गाडी तिथंच बंद करा आणि टेम्पोत घालून मिस्त्रीकडे न्या.